पायाचं माप आणि पवारांचा 'ए'

"हेसरु ब्यारे ऐत्री." अपंगत्वाच्या कार्डाच्या खिडकीतल्या माणसानं एवढंच म्हटलं आणि कागद परत सरकवले. नाव वेगळं आहे. आधारवर पवारा, डिस्चार्ज कार्डावर पवार. कानडीतून इंग्रजीत येताना आडनावाला मागं एक 'ए' चिकटलेला. पंधरा वर्षं कुणाला तो दिसला नव्हता, पाय गेल्यावर दिसला.

मी निपाणीचा शिंपी. साखरेनं उजवा पाय सडला, गुडघ्याखाली काढला. ऑपरेशन कोल्हापुरात, कारण ते 40 किलोमीटरवर. पण अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड बेळगावचंच, आणि ते जवळपास दुप्पट लांब. सायबरवाल्या पोरानं ऑनलाइन फॉर्म दहा मिनिटांत भरला होता, त्यामुळं मी निर्धास्त.

पहिल्या खेपेला 'नाव वेगळं'. दुसऱ्या खेपेला ॲफिडेव्हिट नेलं, तर ते मराठीत; कानडी किंवा इंग्रजी आणा. तिसऱ्या खेपेला साहेब मीटिंगला, "नाळे बर्री". उद्या या म्हणे! रिक्षा, एसटी, कुबड्या आणि सोबत दुकान बंद ठेवून आलेला भाऊ. वैतागून कोल्हापूरच्या मोफत कृत्रिम पायांच्या शिबिरात विचारलं, तर पत्ता कर्नाटकचा म्हणून नाही. सीमाभागाची भाषणं दोन्हीकडं होतात, पाय कुणी द्यायचा ते कुणी बोलत नाही.

शेवटी पॅन कार्ड कामाला आलं. त्यावर नाव बरोबर होतं. ते दाखवून आधार दुरुस्त केलं, त्यात दीड महिना गेला. म्हणून सांगतो, हॉस्पिटलातून सुटतानाच डिस्चार्ज कार्डावरचं नाव आधारशी अक्षर-अक्षर जुळवून घ्या. आणि हो, आधारला मोबाइल जोडलेला हवा. माझा ओटीपी बंद पडलेल्या सिमवर जात होता.

तपासणी पाच मिनिटांत झाली, कार्डही आलं. पण शिबिरात लगेच पाय घेऊ नका. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत एकदा साधन घेतलं की तेच परत तीन वर्षं मिळत नाही. सुरुवातीला ठुंठ, म्हणजे कापून उरलेला पाय, सुजलेलं असतं, पुढं बारीक होत जातं, मग सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची ठुंठावर बसणारी खोबण, ढिलं पडतं. ब्लाउजलासुद्धा मी ट्रायल दिल्याशिवाय शेवटची शिलाई मारत नाही. मी दोन महिने थांबलो. तोवर क्रेप बँडेज खाली घट्ट, वर सैल असं बांधायचं. गुडघ्याखाली उशी घ्यायची नाही, हे मला फार उशिरा कळलं. गुडघा वाकडाच राहतो, आणि वाकड्या गुडघ्याला पाय नीट बसत नाही.

आता ठुंठ बारीक झालं की एक मोजा जास्त चढवतो. चालतो बरा. फक्त मशीनच्या पायडलवर नवं पाऊल कुठं टेकलंय ते कळत नाही, दोरा तुटतो. मोटर बसवून घेतली, डाव्या पायानं चालवतो.