बिल्ला

दुपारी स्टेपलरच्या पिना शोधत होतो. टेबलाचा खालचा खण ओढला, तर हाती बाबांचा बिल्ला आला. हिशेबनिसांच्या संघटनेच्या कुठल्याशा परिषदेतला. प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, सेफ्टी पिन गंजलेली आणि नावातली एक वेलांटी चुकलेली. पै-पै जुळेपर्यंत रात्र जागवणारा माणूस ही चूक दिवसभर छातीवर मिरवत हिंडला!

लहानपणी मला वाटायचं, बाबा सभेला भांडायलाच जातात. तिथे येणारे सगळे त्यांचे प्रतिस्पर्धीच तर. रात्री परतले की बॅगेतून सायक्लोस्टाइलचे कागद निघत. मी ते नाकाशी धरून शाईचा वास घेत बसे, आणि बाबा त्यातल्याच एका प्रतिस्पर्ध्याला फोन लावून विचारत, "घसारा तुम्ही कसा धरलात?" एका पैलवानानं दुसऱ्याला डाव विचारावा, तसं. आणि पलीकडचा सांगायचा!

ही खोड जुनी आहे. व्हेनिसमध्ये १५८१ सालीच हिशेबनिसांचं मंडळ होतं. एडिंबरातल्या संस्थेला १८५४ मध्ये राजाज्ञेची सनद मिळाली. 'सनदी लेखापाल' यातलं 'सनदी' हे बिरुद तिथलं. आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवायलाच मंडळी जमली असणार, असा माझा आपला कुत्सित संशय. पण १९७९ मध्ये व्हिसीकॅल्क हे संगणकावर आकड्यांचे तक्ते मांडणारं सॉफ्टवेअर आलं, बेरजा आपोआप व्हायला लागल्या आणि पुढे यथावकाश तोंडी बेरजा मारणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. तेव्हा संघटनेनं शनिवारचे वर्ग काढले. बाबा पन्नाशीत वही घेऊन जाऊन बसले. संगणकानं केलेली बेरीज घरी आणून पेन्सिलीनं पडताळत, ते सोडा.

आता मीही सभासद आहे. तीन वर्षांत १२० तास शिकून दाखवायचं असतं. त्यातले बरेचसे मी मागच्या रांगेत पंखे मोजण्यात घालवतो. खरी शिकवणी मधल्या सुट्टीत, जिन्यात. कुठलं सॉफ्टवेअर ऐनवेळी दगा देतं, हाताखालची पोरं का टिकत नाहीत, फी वाढवली हे क्लायंटला कोणत्या तोंडानं सांगायचं. बड्या फर्मकडे यासाठी वेगळे विभाग असतात. आम्हा दोघा-तिघांच्या फर्मचा विभाग म्हणजे जिन्यातला तो घोळका.

एका वर्षी ऐन रिटर्नांच्या गर्दीत बाबांना झटका आला. संघटनेतले दोघं आपलं ऑफिस आटोपून रोज रात्री येत आणि याच टेबलाशी बसत. आई किल्ली देई. महिनाभरात सगळ्या फायली मार्गी लागल्या. एक क्लायंट त्यांच्याकडेच जातो म्हणाला, तर त्यांनीच त्याला परत धाडला. बाबा बरे झाल्यावर या गोष्टीवर कधी बोलले नाहीत. ते दोघंही नाही.

बिल्ला उलटा केला. मागे पेन्सिलीनं लिहिलेला फोन नंबर, नाव नाही. सहाच आकडी, म्हणजे आता कुठे लागायचा नाही. सवयीनं आकड्यांची बेरीज केली. सत्तावीस.

उलटीकडून केली. सत्तावीसच.