गोळी घेतली का?

सकाळी साडेसहाला ओट्यापाशी उभी राहून मी स्वतःला रोज हेच विचारते. थायरॉइडची गोळी. अनशापोटी, साध्या पाण्याबरोबर, आणि पुढे निदान अर्धा तास चहा नाही. गोळी विसरते असं नाही. घेतल्याचं चांगलं आठवतं, गार पाण्याचा घोटसुद्धा आठवतो. फक्त तो आजचा की कालचा, हे सांगता येत नाही. तोच ओटा, तेच भांडं, तोच गाऊन. कालचा दिवस आजच्यापासून वेगळा काढायचा कसा?

"अहो, मी गोळी घेतली का?"

"घेतली असशील." पेपर जागचा हललेला नसतो.

मग मोजणी. 100 गोळ्यांची बाटली 3 तारखेला उघडली, आज 19. ताटलीत ओतून मोजल्या तर 85. म्हणजे आजची राहिली आणि मागची एक बुडाली. किंवा आजची घेतली आणि मागच्या दोन बुडाल्या. शिवाय परवा एक फ्रिजखाली घरंगळली होती, ती कुठल्या खात्यात धरायची? डॉक्टर म्हणतात, या गोळीचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला आठवडाभर लागतो, एखादी चुकली तर एवढं काही बिघडत नाही. ते ऐकल्यापासून मी जास्तच विसरते.

आईपुढे हे बोलायची सोय नाही. तिची सगळी नोकरी उपकेंद्रात नर्सबाई म्हणून गेली. माला-डी या संततिनियमनाच्या गोळ्यांचं पाकीट हातात धरून ती बायकांना समजावायची ते मला अजून ऐकू येतं. 28 गोळ्या, 21 पांढऱ्या, त्या कामाच्या. उरलेल्या 7 रंगीत, त्या नुसत्या लोहाच्या. "मग त्या कशाला, बाई?" असं कुणी ना कुणी विचारायचंच. "सवय मोडू नये म्हणून. रोज एक. चुकवायची नाही." तेवढ्यासाठी पाकिटात 7 गोळ्या जास्तीच्या घालणाऱ्याला माणूस बरोबर कळला होता.

आता आई 78 वर्षांची आहे आणि तिची रक्तदाबाची गोळी आम्हाला सांभाळावी लागते. बॉलपेनने कागद फाटतो, म्हणून सीडीवर लिहायच्या पेनने मी पट्टीच्या पाठीवर प्रत्येक गोळीमागे वार लिहिला. व्यवस्था झकास चालली. गोळी काढली की वार फाटायचा. 'बुध'मधला नुसता 'ध' लोंबकळत राहायचा.

गुरुवारी संध्याकाळी गेले तर 'गुरू' फाटलेला, आणि शेजारचा 'शुक्र'पण.

"आई, उद्याची गोळी कुठंय?"

"घेतली की."

"आजच?"

"उद्या एकादशी ना. उपासाला चालते का नाही, कोण जाणे. म्हणून आजच घेऊन टाकली. चुकायला नको."