रात्री ९ नंतरचं काउंटडाउन

इकडे यूकेत आल्यापासून मी सगळ्यात जास्त कुठला कार्यक्रम बघितला असेल तर '८ आउट ऑफ १० कॅट्स डझ काउंटडाउन', आणि तुम्हीही बघावा असं मनापासून वाटतं म्हणून हे लिहितेय. मूळ 'काउंटडाउन' चॅनल ४ वर १९८२ पासून चालू आहे, दिवसाढवळ्या लागतो, एकदम सोज्वळ, ९ अक्षरं मिळतात, ३० सेकंदांत त्यातून जमेल तेवढा मोठा शब्द करायचा, अधूनमधून आकडेमोड. २०१२ मध्ये त्याच खेळात कॉमेडियन आणून बसवले आणि वेळ दिली रात्री ९ नंतरची, कारण इथे त्याआधी टीव्हीवर असलं बोलता येत नाही.

आता असलं म्हणजे काय, तर दादा कोंडकेंवर वाढलेल्यांना द्वयर्थी काही नवीन नाही, पण इथे आडपडदाच नाही. तरी मला ते घाण वाटत नाही, कारण खाली खेळ खराखुरा चालू असतो. समजा कोणी ५ अक्षरी चावट शब्द काढला, सूत्रसंचालक जिमी कार तो त्याचा विचित्र हसण्याचा आवाज काढतो, अख्खा स्टुडिओ हसतोय, आणि कोपऱ्यात शब्द तपासणारी सूझी डेंट शांतपणे डिक्शनरीत बघते आणि सांगते, हो, आहे. झालं, ५ मार्क. चावट शब्दालाही तेवढेच मार्क जेवढे सभ्य शब्दाला, आणि ती ज्या गंभीरपणे सांगते ना, त्यालाच मी सगळ्यात जास्त हसते!

आकडेमोडीची बाजू सांभाळणाऱ्या रेचल रायलीच्या दिसण्यावरचे जोक मात्र मला आवडत नाहीत, तेच ते आहे आणि तिची हुशारी त्यात झाकली जाते. सगळे हात टेकतात तेव्हा ती बोर्डावर जाऊन गणित सोडवून दाखवते, तेच बघायला भारी वाटतं.

बाकी परत परत येणारे जोक असे की नवीन माणसाला पहिले दोन-चार एपिसोड निम्मं कळतच नाही. दोन टीमचे कॅप्टन म्हणजे कॉमेडियन जॉन रिचर्डसन आणि शॉन लॉक, त्यातल्या जॉनचा टापटिपीचा सोस आणि शॉनने त्यावरून त्याला छळणं, हे वर्षानुवर्षं चालू होतं. दोघांचा गाजराचा खेळ तर बघाच, दोन डबे, एकात गाजर, एकाने आपल्या डब्यात डोकावायचं आणि दुसऱ्याने त्याचा चेहरा बघून ठरवायचं की डबा बदलायचा का नाही. बस एवढंच, आणि हसून हसून पोट दुखतं.

शॉन २०२१ मध्ये कॅन्सरने गेला, ५८ वर्षांचा होता. ओळखदेख नसलेल्या माणसासाठी मला इतकं वाईट वाटेल असं वाटलं नव्हतं. कार्यक्रम पुढे चालू राहिला पण जॉनला तसं छळणारं कोणी उरलं नाही, म्हणून सुरुवात करायची तर जुन्या भागांपासून करा, सबटायटल लावून, आणि पोरं झोपल्यावर. पोरांना दिवसाचा मूळ कार्यक्रम दाखवा, स्पेलिंग सुधारतील.