नाताळाची तयारी: आधी वाळवण, मग सजावट

घरी केलेल्या नाताळात पैसा कमी लागतो हे सगळेच सांगतात. वेळ कशात जातो ते मात्र कोणी सांगत नाही. तो जातो वाळवण्यात. लगदा वाळायला हवा, साल वाळायला हवी, कामट्या, खळ, रंग, सगळंच. म्हणून यंदा मी कामांची यादी खर्चावरून न लावता जे सगळ्यात सावकाश वाळतं ते सगळ्यात आधी, अशी लावली. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी भागातलं आमचं गाव, ख्रिस्ती मंडळी लहान, त्यामुळे कोणाच्या दारात कसला तारा लागला हे एका संध्याकाळीत गावभर होतं. हौसेला तेवढी चुरस पुरते. कपडे सोडून सगळ्याला मिळून दोन हजार रुपये, हे घरात ठरलेलं. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमन रविवार; त्यातल्या तिसऱ्यापर्यंत काय काय झालं ते इथे मांडते.

दिवाळी आवरताच: लगदा

गव्हाणीच्या देखाव्यातली माणसं आधी घेतली. काळी माती आमच्याकडे वावरभर फुकट आहे, पण मूर्तीला तिचा उपयोग नाही. ओली झाली की ती फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणाने. वीतभर मेंढपाळ केला तरी वाळताना त्याची मान तडकणार. कुंभाराकडची माती चांगली, पण भाजल्याशिवाय टिकत नाही.

म्हणून कागदाचा लगदा. सासूबाईंच्या माहेरी याच लगद्याची टोपली करायचे, धान्य ठेवायला. रद्दी आणि मुलांच्या जुन्या वह्या फाडून दोन दिवस पाण्यात भिजवायच्या, पिळून उखळात कुटायच्या. गुळगुळीत छपाईचे रंगीत कागद घेऊ नका, ते भिजत नाहीत आणि लगद्यात कपचे राहतात. किलोभर कागदाला पावशेर मेथी रात्रभर भिजवून, वाटून त्यात मळायची. मेथीने चिकटपणा येतो आणि तिच्या कडूपणाने कीड लांब राहते. वास आठवडाभर घरभर राहतो, त्याला इलाज नाही.

भरीव पुतळा करू नये, आत ओल राहते आणि बुरशी येते. दाणे काढलेलं मक्याचं कणीस उभं धरलं, त्यावर चिंधी गुंडाळली आणि वर लगद्याचा करंगळीपेक्षा पातळ थर दिला. पहिला दिवस सावलीत, मग उन्हात, रोज बाजू बदलून. आमच्याकडची कोरडी थंडी या कामाला फार चांगली. मरिया, योसेफ, तीन मेंढपाळ झाले. मागी लोकांना, म्हणजे बाळ येशूला भेटी घेऊन आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना, अजून वेळ आहे. किती मागी आले होते हे मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलेलंच नाही, तीन भेटी होत्या म्हणून आपण तीन धरतो. लगदा उरला तर तीन, नाहीतर दोन.

बैल करावा लागला नाही. शेजारच्या पोराचा तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल पाहुणा म्हणून आला आहे, चाकांसकट. अडचण एवढीच की तो योसेफाच्या खांद्याला लागतो. त्याला सगळ्यात पुढे, कडेला बसवला, माणसं मागे ठेवली. आता तो जवळचा वाटतो म्हणून मोठा दिसतो. तसं पाहिलं तर लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण बैल आणि गाढव नाहीत. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातल्या ओळीवरून पुढे देखाव्यात आले. 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हा खरेखुरे बैल आणि गाढव उभे केले होते. आमच्या गोठ्यातला बैल आणला असता तर त्याने अर्ध्या तासात गव्हाणीतलं सगळं कुटार संपवलं असतं.

गोठा गेल्या वर्षीच्या तुऱ्हाट्यांचा, वर कडब्याचं छप्पर. शून्य रुपये.

पहिला आगमन रविवार: बंडीचं चाक

आगमनकाळातल्या दिव्यांच्या चक्राची चित्रं पाहून पोरी हिरव्या फांद्यांचं कडं करा म्हणत होत्या. पण या चक्राचा उगम वाचला तर काम सोपं होतं. 1839 मध्ये हॅम्बुर्गला योहान विखर्न या पाळकांनी अनाथ, गरीब मुलांच्या आश्रमात गाडीचं जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या, मधल्या दिवसांच्या लहान लाल. नाताळ किती दिवसांवर आला असं पोरं सारखी विचारत, त्यांना मोजता यावं म्हणून. म्हणजे मूळ वस्तू गाडीचं चाकच! आणि रबरी टायरच्या बंड्या आल्यापासून आमच्या गोठ्यामागे लाकडी चाक टेकून उभं आहे.

लोखंडी धावेसकट ते टांगणं शक्य नाही. पडवीत चार विटांवर आडवं ठेवलं, तुंब्यात पाण्याचा लोटा आणि त्यात झेंडूची फुलं. दिवाळीच्या पणत्या घासून घेतल्या, चार मोठ्या आऱ्यांवर, बाकी लहान कडेने. 25 तारीख ज्या वारी येते त्याप्रमाणे लहान पणत्यांची संख्या दरवर्षी बदलते, एवढं मांडण्याआधी कॅलेंडरवर मोजून घ्या.

रोज एक वाढवत सगळ्या पेटवायच्या हा मूळ रिवाज. सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "कायले वो रोज इतकं तेल जाळतं?" रास्त प्रश्न. आता आठवड्यात फक्त त्या दिवसाची एक पणती, आणि रविवारी उपासनेहून आल्यावर झालेल्या सगळ्या रविवारांच्या मोठ्या. हिशेब कळतो, तेलही पुरतं.

संत्री आणि मोह

इथे मी सगळ्यात जास्त रमले, म्हणून लांबण लागेल.

नाताळाच्या फराळाच्या याद्या वाचल्या की त्या वसई-गोव्याच्या असतात. नारळ, नारळाचं दूध, काजू. आमच्याकडे नारळ विकत, काजू तर फारच विकत. आमच्याकडे या दिवसांत संत्रं आहे. आंबिया बहार चालू असतो, मोठा माल व्यापारी नेतात, बारीक आणि डागी फळ मागे राहतं. ते मिळेल तेवढं घ्या. रस केकला, साल पाकात.

नागपुरी संत्र्याची साल सुटी आणि पातळ असते, आतला पांढरा भाग थोडा. त्यामुळे जाड सालीच्या फळांना तीन-तीनदा उकळून पाणी फेकायला सांगतात, तेवढं इथे करू नये, सालीचा चोथा होतो. रात्रभर मिठाच्या पाण्यात, सकाळी धुऊन दोनदा उकळी, दोन्ही वेळा पाणी फेकायचं. मग निथळून जेवढी साल तेवढीच साखर, सालीच्या निम्मं पाणी, मंद आचेवर. साल काचेसारखी आरपार दिसू लागली आणि पाक तळाशी आला की उतरवायची. चाळणीवर पसरून, वर पातळ फडकं घालून सावलीत दोन-तीन दिवस. उन्हात ठेवली तर बाहेरून कडक होते, आतून ओली राहते आणि मुंग्यांना आमंत्रण. उरलेला घट्ट पाक फेकू नका, शंकरपाळ्यांच्या पिठात घाला. त्या शंकरपाळ्यांना जो वास येतो त्यापुढे विकतचं इसेन्स फिकं.

टुटीफ्रुटी कच्च्या पपईची: बारीक फोडी, पाण्यात पारदर्शक होईतो शिजवायच्या, पाकात एक रात्र, मग वाळवण. लाल रंगाला बिटाचा रस. हिरवा रंग मी केला नाही.

आता मोह. फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात, वाळवलेली मेळघाटाकडून बाजारात येतात. आतले केसर झटकून काढायचे, दोन-तीन पाण्यांनी धुवायची, आणि संत्र्याच्या रसात रात्रभर. फुगली की बेदाण्यासारखी दिसतात, चव अंजिराकडे झुकते. वास मात्र उग्र. सगळे बेदाणे काढून मोहच घातला तर केक कापताना पाळकसाहेब भुवया उंचावतील, म्हणून दोन भाग बेदाणे आणि एक भाग मोह हे प्रमाण ठरवलं. बेदाण्यांचा खर्च तेवढा कमी झाला आणि चावायला जास्त मजा.

केकचं माप: पाव किलो मैदा, दोनशे ग्रॅम साखर, दोनशे ग्रॅम लोणी किंवा वनस्पती तूप, चार गावरान अंडी, दोन चमचे बेकिंग पावडर, सगळा सुका माल मिळून तीनशे ग्रॅम. त्या साखरेतली चार चमचे वेगळी काढून कढईत जाळून, जपून पाणी घालून काळपट पाक करते, रंग त्याने येतो. सुका माल आधी थोड्या मैद्यात घोळवला की तळाशी बसत नाही.

भाजायला तालुक्याच्या बेकरीत. आपलं मिश्रण आपल्या डब्यात न्यायचं, भट्टीचे पैसे द्यायचे. पाव निघून गेल्यावरच्या उतरत्या आचेवर केक द्यावा. तापल्या भट्टीत वरून करपतो आणि मध्ये कच्चा राहतो. ज्यांना बेकरी लांब पडते त्यांनी कुकरच्या तळाला मिठाचा थर, वर रिंग, झाकणाची रबरी रिंग आणि शिट्टी काढून, मंद आचेवर पाऊण तास ते तासभर. सुरी खुपसून पाहा, कोरडी निघायला हवी.

दुसऱ्या रविवारपासून: तारा

बुरुडाकडून कामट्या आणल्या. ओल्या बांबूच्या कामट्या वाळल्या की आकसतात आणि बांधलेल्या गाठी सैल पडतात, त्यामुळे त्याही आधीच आणून छपरावर टाकल्या होत्या.

पाच टोकांचा फुगीर तारा म्हणजे एकासारखे एक दोन सपाट तारे, टोकांना एकत्र बांधलेले आणि मध्ये आधार देऊन फुगवलेले. एका ताऱ्याला पाच कामट्या, दोघांना दहा. फुली कुठे पडते यावर सगळं अवलंबून, आणि ते नजरेने करू नये. कामटी 90 सेंटीमीटरची असेल तर दोन्ही टोकांपासून 34.4 सेंटीमीटरवर खूण करा, मध्ये 21.2 उरतात. सगळ्या कामट्यांच्या खुणा खुणांवर आल्या की टोकाचा कोन आपोआप 36 अंशांचा होतो. दुसऱ्या मापाची कामटी असेल तर लांबीला 0.382 ने गुणा. आतल्या पाच कोपऱ्यांत वीस सेंटीमीटरचे पाच आधार, की तारा पोट काढतो.

सुतळीपेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या चांगल्या. ताण धरतात आणि गाठ सरकत नाही. दीरांच्या सायकलची ट्यूब कामी आली, त्यांना अजून सांगितलेलं नाही.

पतंगी कागद या दिवसांत स्वस्त, कारण संक्रांतीचा माल बाजारात यायला लागतो. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर तुरटी. मोरचूद घालणारे घालतात, झुरळं खात नाहीत म्हणून, पण ते विषारी आहे आणि आमच्या घरात खळीचं बोट चाटणारं पोर आहे. कागद चढवताना मागची एक बाजू बल्बसाठी उघडी ठेवायची, आणि बल्ब एलईडीचाच, कमी वॉटचा. जुना तारेचा बल्ब कागदाला तापवतो.

आमच्याकडे पाऊस नाही पण पहाटेचं दहिवर असतं. उघड्यावर टांगलेला पतंगी कागद सकाळी लोंबलेला दिसतो, ऊन पडलं की ताणतो, परत लोंबतो, आणि चार दिवसांत खळ सोडतो. तारा पडवीच्या आत, वळचणीपासून हातभर मागे टांगा.

मोठी मुलगी वेगळाच तारा घेऊन बसली आहे. जर्मनीतल्या नीस्की गावी मोरावियन पंथाच्या शाळेत 1830 च्या दशकात भूमितीचा पाठ म्हणून पोरांकडून कागदी तारे करून घ्यायचे, त्याची ही तऱ्हा. 25 टोकं: 17 चौकोनी बुडाची, 8 त्रिकोणी, आणि सव्विसावी जागा बल्बसाठी मोकळी. कागद जाड लागतो, म्हणून ती जुन्या लग्नपत्रिका आतली बाजू बाहेर काढून वापरते. गावात पत्रिकांना तोटा नाही. चौकोनी टोकं झाली, त्रिकोणी बाकी.

झाड

विकतचं प्लास्टिकचं झाड आम्ही कधीच घेतलं नाही. धुऱ्यावरची उंच पऱ्हाटी, थोडी बोंडं फुटलेली तशीच ठेवून, मातीच्या मडक्यात उभी करायची. बर्फाचा कापूस वेगळा चिकटवावा लागत नाही. घरात आणण्याआधी एक काम जरूर करा: न उमललेली आणि किडकी बोंडं, कवडी कापूस, सगळं तोडून जाळा. गुलाबी बोंडअळी त्यातच दडून बसते, आणि फरदड, म्हणजे त्याच पऱ्हाटीचं पुढे लांबवलेलं पीक, घेऊ नका असं कृषी विभाग सांगतो ते याच अळीमुळे. नाताळ झाला की झाडही चुलीत, पुढच्या हंगामापर्यंत दारात ठेवायचं नाही.

माळा मक्याच्या लाह्यांच्या. ज्वारीच्या लाह्या सुंदर दिसतात पण सुई लावताच चुरा होतात. मध्ये लाल काहीतरी हवं म्हणून पोरं गुंजा गोळा करून आली होती, त्या परत टाकायला लावल्या. गुंजेचं बी विषारी, आणि टोचायला सुई घेतली की धोका आणखी. त्याऐवजी देठासकट वाळक्या लाल मिरच्या. ओवून झाल्यावर डोळ्यांना हात लावू नये हे पोरांना सांगितलं, आणि नंतर मोठ्यांनाही सांगावं लागलं.

बाकीचं

भेटींसाठी चिठ्ठ्या टाकल्या, प्रत्येकाने एकालाच, हाताने केलेलं द्यायचं. सासूबाई जुन्या लुगड्यांची वाकळ शिवतात, कोणासाठी ते कळू देत नाहीत. गीतं गाणारे येतील तेव्हा चिवडा आणि गुळाचा चहा. पेटीचा एक सूर बसलाय, तो दुरुस्त होईल असं दिसत नाही, तरी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांची पदं त्या पेटीवर यंदाही होतीलच.

खर्च अजून ठरल्याच्या आत आहे. लोणी आणि भट्टीचे पैसे द्यायचे राहिलेत, तेवढ्यात काठावर येईल. चौथ्या रविवारआधी बेकरीत नंबर लावायचा आहे, योसेफाला रंग द्यायचा आहे, आणि 25 टोकांच्या ताऱ्याची त्रिकोणी टोकं लग्नपत्रिकेच्या कागदाला घडीवर तडकतात, त्यावर उपाय शोधते आहे. घडी घालण्याआधी बोथट सुरीने रेघ ओढून पाहिली, थोडा फरक पडतो. कोणी जाड कागदावर हा तारा केला असेल तर घडी ओली करून घालता की कोरडी, तेवढं सांगा.