तुम्ही विचारलंत म्हणून : नाशिकला राहून आयटी जमतं का?

मी नाशिकलाच राहून सॉफ्टवेअरचं काम करतो, म्हणून बारावीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. “पोराला कॉम्प्युटरला घालतोय. नाशिकलाच ठेवू की पुण्याला पाठवू? आणि तुम्ही का नाही हो गेलात पुण्याला?” शेवटच्या प्रश्नात थोडी कीव असते, तिकडे मी कानाडोळा करतो.

शिक्षणाचं आधी उरकतो. इथली बरीचशी इंजिनिअरिंग कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशीच संलग्न आहेत, त्यामुळे पदवीवर विद्यापीठाचं नाव तेच. फरक कळतो शेवटच्या वर्षाला. पुण्यातली मुलं कॉलेज सांभाळून इंटर्नशिप करतात, ओळखी करून ठेवतात. आमची मुलं मुलाखतीसाठी दोनशे किलोमीटरवर पहाटेची गाडी धरतात.

कामाचं मात्र निवांत सांगावं लागेल, कारण नाशिक नुसतं शहर नाही, ते तीर्थ आहे आणि आता सहलीचंही ठिकाण आहे. 1999 मध्ये सुला विनयार्ड्स ही वाइन कंपनी सुरू झाली, मग गंगापूर धरणाच्या बाजूला रिसॉर्टं उभी राहिली. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि मुंबईकर आणखी जवळ आला. (आमच्या घरभाड्यालाही ते लगेच कळलं.) या सगळ्यांना सॉफ्टवेअर लागतं, आणि ते मागणारा माणूस समोर बसून चहा पीत असतो. मला इथे धरून ठेवलं ते त्यानेच.

एक उदाहरण सांगतो. हॉटेलच्या तयार बुकिंग सॉफ्टवेअरचं गृहीतच असं की तारीख पाहुणा ठरवतो. त्र्यंबकेश्वरला तसं नसतं. तिथे तारीख पंचांग ठरवतं. नारायण नागबली हा तीन दिवसांचा विधी. गुरुजी मुहूर्त देतात, मग खोली शोधली जाते, आणि एकाच मुहूर्तावर सगळ्यांना तेच तीन दिवस हवे असतात. तीच खोली दोन-तीन बुकिंग साइटवर टाकलेली असली आणि शिल्लक खोल्यांचा आकडा वेळेत जुळला नाही, की एका खोलीसाठी दोन कुटुंबं सामानासकट दारात. त्यांना तोंड मालक देतो आणि मग मालकाला आम्ही. म्हणून गुरुवारनंतर चालू प्रणालीला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. तुमचा शनिवार-रविवार हा आमच्या ग्राहकाचा हंगाम. श्रावणी सोमवारचं तर बोलूच नका.

याहून मोठा प्रश्न सिंहस्थाचा. 2003 च्या कुंभात चेंगराचेंगरीत 39 भाविक गेले. 2015 च्या कुंभाआधी मूळ नाशिकचे आणि एमआयटी मीडिया लॅबमध्ये असलेले रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ झाली, म्हणजे कुंभातल्या अडचणींवर तंत्रज्ञानाने उत्तरं शोधायचा सामूहिक उपक्रम. त्यात इथल्या एका शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी पावलं मोजणारी चटई केली: गर्दी कुठे तुंबतेय ते आधी कळावं म्हणून. याच खटपटीच्या पुढे टीसीएसचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर हे नव्या कल्पनांवर काम करणारं केंद्र नाशिकला उभं राहिलं. गर्दीसाठी काम करताना पहिला धडा मिळतो तो हा की रामकुंडाजवळ लाखो फोन एकाच वेळी नेटवर्क मागतात आणि कुणालाच मिळत नाही. अॅप नेटशिवाय चाललं पाहिजे, नोंद फोनमध्ये ठेवून रेंज आल्यावर पाठवता आली पाहिजे. वातानुकूलित ऑफिसात हे सुचायला वेळ लागतो.

मग अडचण काय? पगार पुण्यापेक्षा कमी, हे खरं. पण मुलांचं नुकसान पगाराने होत नाही. इथे फ्रेशर भरपूर आहेत आणि कंपनीचे मालक आहेत. मधला, आठ-दहा वर्षं मुरलेला माणूस बहुतेक वेळा पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेला असतो. तुमचा कोड वाचून ‘हे असं का केलंस?’ विचारणारं कुणी नाही. साइट चालतेय ना, मग झालं. अशी दोन-तीन वर्षं काढलेला मुलगा बायोडेटावर अनुभवी असतो आणि मुलाखतीत उघडा पडतो. आयटी पार्क हवं म्हणून भाषणं होतात. इमारत उभी राहीलही, पण ही मधली माणसं परत कशी आणायची ते कुणी बोलत नाही. घरून काम करण्याच्या सोयीमुळे काही जण परतलेत. त्यातले दोघे-तिघे संध्याकाळी कॉलेज रोडला मुलांना घेऊन बसतात, तेवढाच आधार.

तेव्हा काका, पोराला नाशिकला शिकवा, बिनधास्त. नोकरीच्या वेळी मात्र पगाराआधी एक विचारायला सांगा: “माझं काम रोज कोण तपासणार?” एखाद्याचं नाव सांगितलं, तर त्या माणसाला भेटूनच हो म्हणू दे. “आपण सगळे मिळूनच करतो” असं उत्तर आलं, तर पहिली दोन वर्षं पुणं. नंतर परत ये म्हणावं, इथे काम संपणार नाहीये.