फिरत्या टेलरकडे सूट
आज म्हापशात फिरत्या टेलरकडे सूटचं माप दिलं. लग्नसराई जवळ आलीय, इतरांनाही उपयोग होईल म्हणून लिहितोय.

माप देताना खिसे रिकामे, पायात सूटवर घालायचेच बूट, अंगात सूटखाली घालायचाच शर्ट. मोबाइल खिशात राहिला की कंबर-मांडीचं माप फसतं. श्वास रोखून पोट आत घेणाऱ्यांनी बटण तुटायची तयारी ठेवावी.

कापड ५८ इंची पन्ह्याचं (रुंदीचं) असेल तर कोट-पँटला साधारण सव्वातीन मीटर. चेक्स जुळवायचे तर जास्त. गोव्याच्या दमटपणात हलकं, मोकळ्या विणीचं वूल उत्तम. लिनन हवेशीर, पण चुरगळतं आणि आटतं, म्हणून कापण्याआधी भिजवून घ्यायला सांगा. पॉलिएस्टर अस्तर पाठभर लावलं की घामाची आंघोळच! अर्धं अस्तर पुरतं.

कोटाला आकार देणारा आतला थर कोणता लावणार, हे टेलरला नक्की विचारा. फ्यूजिंग, म्हणजे चिकटवलेला थर, स्वस्त, पण घाम, ओल आणि ड्रायक्लीनिंगने सुटला की छातीवर फुगे येतात, आणि ते इस्त्रीने कायमचे बसत नाहीत. कॅनव्हास, म्हणजे शिवून बसवलेला जाड कापडाचा थर, महाग, पण टिकतो.

कच्च्या शिलाईच्या ट्रायलशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. टेलर पुढच्या गावाला गेला की दुरुस्ती कोण करणार? ट्रायलला आधी खांदा बघा. कंबर, बाहीची लांबी नंतर बदलता येते. खांदा उसवणं म्हणजे अर्धा कोट नव्याने शिवणं. बाहीखालून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच तरी मार्जिन (जादा कापड) ठेवायला सांगा, नाताळानंतर लागतंच.