क्वाड बाइकच्या टायरची साइडवॉल फाटली तर: आधी दोरे, मग हवा

कारच्या टायरला बाजूने चीर पडली की पंक्चरवाला हातसुद्धा लावत नाही, आणि ते बरोबरच आहे. तिथे ३०-३५ पीएसआय हवा असते, गाडी शंभरच्या वेगाने पळते आणि रेडियल टायरच्या (ज्यात दोरे रिमकडून तळाकडे सरळ जातात) साइडवॉलमध्ये, म्हणजे बाजूच्या भिंतीत, दोऱ्यांचे एक-दोनच थर असतात. क्वाड बाइकचं गणित वेगळं. हवा जेमतेम ४ ते ७ पीएसआय, वेग कमी, रस्ता मातीचा. शिवाय बरेचसे एटीव्ही, म्हणजे क्वाड बाइकचे, टायर बायस बांधणीचे असतात. त्यात नायलॉनच्या दोऱ्यांचे थर एका बीडपासून (रिमवर बसणारी, आत तार असलेली टायरची जाड कड) दुसऱ्या बीडपर्यंत तिरके जातात आणि एकमेकांना छेदतात. जे थर तळाला, तेच बाजूला. म्हणून इथे साइडवॉलची दुरुस्ती करता येते. मात्र ती तळाच्या पंक्चरसारखी उरकायची नाही.

पॅच हवा अडवतो, ताण मात्र दोरे पेलतात. हे लक्षात न घेता नुसता पॅच मारला की चार दिवसांत तिथे फुगा येतो. २५ इंची टायरमध्ये ५ पीएसआय हवा असताना २५ मिलिमीटरच्या चिरेवर साधारण ८-९ किलोचा ताण येतो. तेवढा शिवणीला आणि चांगल्या पॅचला झेपतो. मात्र रिमवर बीड बसवताना हवा २० पीएसआयपर्यंत न्यावी लागली, तर तोच ताण चौपट होतो. दुरुस्त केलेल्या जागेची खरी परीक्षा दगडावर नाही, कॉम्प्रेसरपाशी होते. त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी टायर दुरुस्त करण्यालायक आहे का ते बघा. वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, चिखल धुऊन काढा आणि चीर दोन अंगठ्यांनी उघडून उजेडात धरा. फक्त काळं रबर दिसत असेल, दोरे दिसत नसतील आणि साबणाच्या पाण्याला बुडबुडे येत नसतील, तर ती वरवरची खरचट आहे. लोंबणारा तुकडा ब्लेडने कापून टाका म्हणजे तो पुढे कशात अडकून फाटत जाणार नाही. आत पांढरट किंवा तपकिरी धागे दिसले तर बोथट टोच्याने खोली तपासा. धागे नुसते बाजूला सरकलेत की तुटलेत, यावर पुढचं सगळं ठरतं. बाभळीचा काटा दोऱ्यांमधून वाट काढतो. सह्याद्रीतल्या काळ्या दगडाची धार किंवा कोयत्याने तिरका तोडलेला कारवीचा खुंट दोरे सरळ कापतो. टायरवर '६ प्लाय' लिहिलंय म्हणून आत सहा थर आहेत असं मात्र समजू नका. तो आकडा ताकदीचा दर्जा सांगतो, प्रत्यक्षातले थर बहुतेक वेळा त्याहून कमी असतात.

माझी मर्यादा अशी. ६ मिलिमीटरपर्यंतच्या भोकाला आतून पॅच पुरेसा. दोरे तुटलेली चीर २५ मिलिमीटरपर्यंत असेल तर शिवण आणि पॅच दोन्ही. त्यापुढे ४० पर्यंत शिवून ट्यूब घालता येते, पण ते शेतातल्या हळू कामापुरतं. बीडपासून दोन बोटांच्या आत चीर असेल, बीडची तार दिसत असेल, आधीच फुगा आलेला असेल किंवा हवा नसताना टायर बराच चालवल्यामुळे आतून रबराचा भुगा पडत असेल, तर टायर बदलायचा. टायर रेडियल असेल तर चिरेची दिशाही बघावी लागते. रिमकडून तळाकडे जाणारी चीर दोऱ्यांच्या मधून जाऊ शकते, पण गोलाकार, रिमला समांतर गेलेली चीर दोरे कापतच जाते. अशा टायरवर मी वेळ घालवणार नाही.

रानात असाल तर तिथल्या तिथे स्ट्रिप, म्हणजे भोकात कोंबायची चिकट रबरी दोरी, मारून परत येता येतं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे स्ट्रिपच्या किटमधला दातेरी टोचा तळाच्या पंक्चरसारखा भोकात चारपाच वेळा फिरवणं. साइडवॉलमध्ये तो टोचा उरलेले दोरेही कापतो. एकदा हलकेच आत घालून वाट कळली की पुरे. १०-१२ मिलिमीटरच्या चिरेला दोन किंवा तीन स्ट्रिप लागतात. प्रत्येकीला सोल्यूशन लावून त्या शेजारीशेजारी, घट्ट बसवा. बाहेर राहिलेली टोकं अगदी सपाट कापू नका, पाच मिलिमीटर ठेवा. साइडवॉल पातळ असते, स्ट्रिपला धरायला रबर कमी मिळतं आणि दर फेऱ्याला ती जागा वाकते, त्यामुळे स्ट्रिप हळूहळू बाहेर सरकते. ४ पीएसआय भरा, सावकाश या आणि घरी आल्यावर त्या स्ट्रिपवर विसंबू नका.

आता पक्कं काम. एटीव्हीचं बीड रिमच्या उंचवट्यामागे घट्ट अडकलेलं असतं, नुसतं पायाने दाबून सहसा सुटत नाही. बीड ब्रेकर वापरा, कडेला साबणाचं पाणी भरपूर सोडा. तेल, ग्रीस, डिझेल यांपैकी काहीही नको. ते रबर खातं आणि नंतर टायर रिमवर घसरतो. टायर उतरवल्यावर आतली बाजू साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. टायरमध्ये आधी कधी सीलंट (पंक्चर आपोआप बुजवणारं द्रव) ओतलेलं असेल तर त्याचा थेंबही राहता कामा नये, त्यावर कुठलाच पॅच धरत नाही.

शिवण पॅचच्या आधी. चिरेच्या दोन्ही कडांपासून ८ मिलिमीटर आत, एकमेकांपासून ६-७ मिलिमीटर अंतरावर खडूने खुणा करा. चिरेच्या दोन्ही टोकांपलीकडेही एकेक जोडी घ्या, कारण चीर वाढते ती टोकांकडून. भोकं ड्रिलने पाडू नका. ड्रिल दोरे कापतं, मोच्याची आरी दोऱ्यांना बाजूला सारून जाते. धागा मेण लावलेला जाड नायलॉनचा किंवा ४० किलोच्या वरचा विणलेला मासेमारीचा. बुटाच्या नाडीसारखी फुलीची शिवण घाला, पण कडा एकमेकींवर चढतील इतकं ओढू नका. कडा फक्त टेकल्या पाहिजेत. जास्त ओढलं की तिथे घडी पडते आणि ती घडीच पुढे फाटते. गाठ बाहेरच्या बाजूला मारा. आत गाठ राहिली तर पॅचखाली उंचवटा होतो आणि त्याभोवती हवा अडकते.

मग घासणी. पॅच चिरेवर ठेवून भोवती १५ मिलिमीटर मोठी खूण करा. २५ मिलिमीटरच्या चिरेला निदान ८० मिलिमीटरचा, दोऱ्यांचा थर असलेला, बायस टायरचा पॅच हवा. सायकलच्या ट्यूबचा साधा रबरी पॅच इथे ताणून पातळ होतो आणि फुगतो. खुणेच्या आतला भाग कमी वेगाच्या ड्रिलवर घासणीचं चाक लावून किंवा हाताने जाड पॉलिश पेपरने घासा. चकाकी जाऊन पृष्ठभाग एकसारखा मंद काळा झाला की थांबा. दोरे उघडे पडले तर जास्त झालं. वेग जास्त ठेवला तर रबर करपतं, आणि करपलेल्या रबरावर सोल्यूशन नुसतं वाळून बसतं, धरत नाही. भुगा कोरड्या ब्रशने काढा. बऱ्याच कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेलाचा अंश असतो, म्हणून तिने उडवू नका. पेट्रोलने पुसायची सवयही इथे नडते, ते मागे तेलकट थर ठेवतं. घासणीचं द्रावण मिळत असेल तर ते वापरा.

सोल्यूशनचा पातळ हात द्या आणि वाळू द्या. बोटाची मागची बाजू टेकवल्यावर चिकट लागलं पण सोल्यूशन बोटाला आलं नाही, म्हणजे वाळलं. उन्हाळ्यात पाच-सात मिनिटं, कोकणातल्या पावसात त्याच्या दुप्पट-तिप्पट. शिवणीच्या भोकांवर दुसरा हात द्या. ओलं असताना पॅच ठेवला तर आत अडकलेला वाफारा नंतर बुडबुडे होऊन पॅच उचलतो, आणि बहुतेक पॅच सुटतात ते याच घाईने. पॅच ठेवताना टायर मोकळा, त्याच्या नैसर्गिक आकारात असू द्या. दोन्ही बाजू फाकवून ताणलेल्या टायरवर लावलेला पॅच टायर सोडल्यावर सुरकुततो. पॅचवर बाण असेल तर तो बीडकडे करा. दातेरी रोलर मधून कडेकडे, जोर लावून, कोपरे सुटू न देता फिरवा. कडांवरून पुन्हा सोल्यूशन लावा आणि रात्रभर तसंच ठेवा. बाहेरून चिरेत लवचिक रबरी अडेसिव्ह भरून शिवण झाका, नाहीतर धागा दगडांवर घासून जाईल. फेव्हिक्विक नको, ते वाळून काचेसारखं कडक होतं आणि वाकताना तडकतं. जवळ रिमोल्डवाला, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवणारा, असेल तर चिरेत कच्चं रबर भरून गरम साच्याने शिजवून घेणं सगळ्यात उत्तम, फक्त तापमान त्याला ठरवू द्या, कारण एटीव्हीचं रबर ट्रकपेक्षा फार पातळ.

बीड बसवताना दोन्ही कडांना साबणाचं पाणी लावा आणि वॉल्व्हची पिन काढून हवा भरा, म्हणजे ती एकदम जास्त जाते आणि कमी दाबातच बीड बसतं. कमाल दाब टायरवरच छापलेला असतो, त्याच्या वर जायचं नाही. दुरुस्त बाजू आपल्याकडे तोंड करून ठेवायची नाही. बीड बसलं की लगेच हवा ७-८ पीएसआयवर आणा आणि पॅचची जागा साबणाच्या पाण्याने तपासा. बाहेरून हात फिरवून बघा, उंचवटा लागला तर शिवणीने ताण घेतलेला नाही.

मग हवा बाइकवरच्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे ठेवा. पेट्रोल पंपावरचा गेज ५ पीएसआयला काहीच सांगत नाही, ० ते १५ चा वेगळा गेज घ्या. डाव्या-उजव्या चाकात १ पीएसआयचा फरकही बाइक एका बाजूला ओढतो. फार कमी हवेत साइडवॉल बाहेर फुगून दगडाच्या वाटेत येते, आणि बऱ्याच चिरा मुळात तिथूनच सुरू होतात.

दुरुस्त बाजू आत, इंजिनकडे वळवली तर दगडांपासून वाचते. टायरला फिरण्याची दिशा नसेल तर त्याच रिमवर उलटा चढवा. दिशा असेल तर डावा टायर उजव्या रिमवर आणि उजवा डाव्यावर चढवा. दिशा बरोबर राहते आणि जखम आपोआप आत जाते. पुढच्या-मागच्यांची अदलाबदल मात्र करता येत नाही, कारण सहसा पुढे २५×८-१२ आणि मागे २५×१०-१२ (इंचांत उंची×रुंदी-रिम) अशी वेगळी मापं असतात.

ट्यूब घालायची असेल तर जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, कडा तासून आत ठेवा आणि शंखजिरं टाका. पण ३-४ पीएसआयवर टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि वॉल्व्ह उपटतो. ट्यूब असेल तर हवा सांगितलेल्या दाबाच्या वरच्या टोकाला ठेवा.

पहिल्या पाच किलोमीटरनंतर थांबून हात लावा, मग वीसनंतर. पॅचची जागा बाकीच्या साइडवॉलपेक्षा गरम लागली तर आत थर सुटायला लागलेत. रात्रीतून १ पीएसआय उतरली तर कड सुटली आहे, पॅच बदलून चालतं. उंचवटा आला तर टायर उतरवा आणि त्याच दिवशी भंगारात द्या.